चार शिलिंगांची ऊब : सर विल्यम बेव्हरिज

थंडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हुरडा येतो, शेकोटी येते आणि कवितांतली ती गुलाबी पहाट येते. फुटपाथवर गोणपाट पांघरून निजणाऱ्याला किंवा निफाडकडे द्राक्षबाग वाचवण्यासाठी रात्रभर जाळ करून बसणाऱ्याला ती इतकी गुलाबी वाटत नसणार, हे उघड आहे. तथापि, घर उबदार ठेवण्यासाठी आठवड्याला इतके रुपये, असा रकाना आपल्या घरखर्चाच्या वहीत सहसा नसतो. इंग्लंडमधील गरिबाच्या वहीत तो असतो. ऑक्टोबर उजाडला की हाच रकाना भाकरीच्या रकान्यातून पैसे ओढू लागतो, आणि मार्च संपेपर्यंत ओढतच राहतो.

हा रकाना सरकारने भरावा काय, भरला तर किती, आणि भरण्यापूर्वी त्या घराची झडती घ्यावी की नाही, या प्रश्नांशी ज्यांचे आयुष्य निगडित झाले अशा एका गृहस्थांची ही ओळख. अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेतलेल्या आपल्या मित्रांना सर विल्यम बेव्हरिज हे नाव परीक्षेपुरते ठाऊक असते. १९४२ चा अहवाल, पाच राक्षस, कल्याणकारी राज्य, गुण पाच! त्यापलीकडचा माणूस पाठ्यपुस्तकात येत नाही. आणि तो माणूस जन्मला होता आपल्याच देशात.

५ मार्च १८७९ रोजी बंगालमधील रंगपूर येथे विल्यमचा जन्म झाला. (रंगपूर आज बांगलादेशात आहे.) वडील हेन्री बेव्हरिज हे आय. सी. एस. होऊन जिल्हा न्यायाधीश झालेले. हिंदी लोकांविषयी त्यांना मनापासून सहानुभूती होती. आई ॲनेट ॲक्रॉइड या बाईंची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. केशवचंद्र सेन यांची इंग्लंडमधील व्याख्याने ऐकून त्या १८७२ मध्ये कलकत्त्याला आल्या, मुलींसाठी शाळा काढली, आणि पुढे त्याच केशवचंद्रांशी त्यांचे बिनसले. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाचा वाद पेटला तेव्हा पती त्या बिलाच्या बाजूचे, तर पत्नीने वर्तमानपत्रात बिलाविरुद्ध पत्र लिहिलेले! उतारवयाकडे झुकताना या बाई फारसी आणि तुर्की शिकल्या. गुलबदन बेगमचा हुमायूननामा आणि बाबराचे आत्मचरित्र त्यांनीच इंग्रजीत आणले, तर हेन्री यांनी अकबरनाम्याचा अनुवाद केला. अशा घरातला हा मुलगा. पुढे १९४७ मध्ये, म्हणजे नेमके आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षी, त्याने आईवडिलांच्या भारतातील आयुष्यावर ‘इंडिया कॉल्ड देम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या बॅलिऑल कॉलेजात झाले. गणित आणि अभिजात भाषा या दोहोंत प्रथम वर्ग मिळाला. मुलाने बॅरिस्टर व्हावे अशी वडिलांची अपेक्षा होती. परंतु १९०३ मध्ये चोवीस वर्षांचे बेव्हरिज वकिली सोडून लंडनच्या ईस्ट एंडमधील टॉइन्बी हॉल या संस्थेत उपप्रमुख म्हणून राहावयास गेले. सुशिक्षित तरुणांनी गरीब वस्तीत प्रत्यक्ष राहून तिथले जीवन समजून घ्यावे, या हेतूने सॅम्युएल बार्नेट या पाद्र्याने ही संस्था चालवली होती. बेव्हरिज तिथे गेले ते दयेपोटी नव्हे. दानधर्माविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हतेच. गरिबी का उत्पन्न होते याचे शास्त्र त्यांना हवे होते.

ते शास्त्र त्यांना हिवाळ्यानेच शिकवले. १९०३-०४ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये बेकारी वाढली. गोदीतले काम रोजंदारीचे. सकाळी फाटकापाशी गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखवले त्याला काम, बाकीचे परत. थंडीत अशा घरांवर दुहेरी संकट येई. कमाई घटे आणि खर्च वाढे. त्यातून कोळशाचा व्यवहार असा, की ज्याच्याकडे कोठार आहे तो उन्हाळ्यातच गाडीभर कोळसा स्वस्तात भरून ठेवी, आणि ज्याच्याकडे एकच खोली आहे तो ऐन थंडीत सात-सात शेर आणून पौंडामागे अधिक पैसे मोजी. आपल्याकडे पुड्या बांधून चहा-साखर नेणाऱ्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

त्या हिवाळ्यात लंडनच्या नगरपतींच्या मॅन्शन हाउस फंडातून बेकारांसाठी एक योजना निघाली. पुरुषांना शहराबाहेर शेतवसाहतींवर कामाला पाठवायचे आणि मागे राहिलेल्या त्यांच्या बायकामुलांना पोटापुरते पैसे द्यायचे. बेव्हरिज या कामात होते. परंतु वसंत ऋतू आला, योजना संपली, अहवाल छापला, असे त्यांनी होऊ दिले नाही. मदत घेतलेल्या माणसांचे पुढे काय झाले याचा त्यांनी पाठपुरावा केला. निष्कर्ष मन खट्टू करणारा होता. बहुतेक जण पुन्हा त्याच फाटकापाशी, त्याच अनिश्चित रोजंदारीवर उभे होते. एका हिवाळ्याची मदत दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पुरत नाही. हे वाक्य आज साधे वाटते, पण त्या काळी बेकारी म्हणजे आळस असे मानणाऱ्या समाजात ते आकड्यांनिशी सिद्ध करावे लागले.

यातूनच त्यांना रोजगार विनिमय केंद्रांची कल्पना सुचली. आपल्याकडे ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतात आणि जिथे आपल्यापैकी अनेकांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षे पत्राची वाट पाहिली, त्या व्यवस्थेचे एक जनक बेव्हरिज होत! १९०७ मध्ये त्यांनी जर्मनीस जाऊन तिथला सामाजिक विमा आणि कामगार केंद्रे पाहिली. पुढच्याच वर्षी विन्स्टन चर्चिल हे बोर्ड ऑफ ट्रेडचे प्रमुख असताना बेव्हरिज त्यांच्या खात्यात गेले. १९०९ चा लेबर एक्स्चेंज कायदा आणि १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यातील बेकारी विम्याचा भाग, या दोहोंत त्यांचा मोठा हात होता. विम्याचे तत्त्व त्यांना अतिशय प्रिय. कामगार वर्गणी भरतो, मालक भरतो, सरकार भरते. मग कामगार पैसे घ्यायला जातो तेव्हा ताठ मानेने जातो, कारण तो भीक मागत नाही, आपले घेतो.

पहिल्या महायुद्धात ते अन्नखात्यात होते. रेशनिंगच्या कामाचा अनुभव तिथे मिळाला, सर ही पदवीही मिळाली. १९१९ ते १९३७ या काळात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. संस्था त्यांनी भरभराटीला आणली, इमारती उभ्या केल्या, १९३३ नंतर हिटलरने हाकलून लावलेल्या प्राध्यापकांना आसरा मिळवून देण्यासाठी पुढाकार घेतला. पण सहकाऱ्यांशी त्यांचे पटत नसे. स्वभाव हेकेखोर, बोलणे तुटक, आपल्याहून मंद बुद्धीच्या माणसाला क्षमा नाही, आणि त्यांच्या दृष्टीने मंद बुद्धीची माणसे पुष्कळ! पहाटे उठून थंडगार पाण्याने आंघोळ करायची आणि न्याहारीपूर्वी दोन तास काम उरकायचे, असा त्यांचा शिरस्ता सांगतात.

याच काळात, १९२० ते १९२३ दरम्यान, त्या संस्थेत मुंबईहून आलेला एक विद्यार्थी अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढीत होता. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्या वास्तव्यातलाच. पुढे १९४२ च्या जुलैत आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनमध्ये बेव्हरिज अहवाल निघाला. आंबेडकरांच्या मजूर खात्याच्या काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचे काम सोपवण्यात आले. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आडारकरांना छोटे बेव्हरिज म्हणत. ई. एस. आय. चे कार्ड खिशात बाळगणाऱ्या गिरणी कामगाराला हे नाते कुणी सांगितले नसेल, पण ते होते.

आता पुन्हा इंग्लंडकडे वळू, कारण खरा पेच तिथे १९३१ नंतर उभा राहिला. जागतिक मंदीत बेकारांची संख्या इतकी वाढली की विम्याचा निधी आटला. ज्यांचा विम्याचा काळ संपला त्यांना मदत द्यायची, पण आधी घरातल्या सर्वांच्या मिळकतीची तपासणी करायची, असे ठरले. हीच ती कुप्रसिद्ध मीन्स टेस्ट. अधिकारी दारात येई. मुलगा किती कमावतो, मुलगी घरात किती देते, पियानो कशाला हवा, हे कपाट विकता येणार नाही काय, असे विचारी. वेल्स आणि उत्तर इंग्लंडच्या खाणवस्त्यांत तर विटंबनेची परिसीमा झाली. ज्यांनी आयुष्यभर कोळसा खणला त्यांच्या घरची चूल विझलेली, आणि बायकामुले खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर कोळशाचे खडे वेचीत आहेत!

१९३७ नंतर बेकारी साहाय्य मंडळाने हिवाळ्यापुरती थोडी भर देण्यास सुरुवात केली. पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर होती. कुणाला मिळे, कुणाला मिळत नसे. १९३८ च्या डिसेंबरात नाताळची खरेदी ऐन भरात असताना लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसच्या चौकात बेकार लोक रस्त्यावर चक्क आडवे झाले. वाहतूक थांबली. दोन दिवसांनी त्यांच्यातलेच काही जण रिट्झ या बड्या हॉटेलात शिरले आणि खुर्च्यांवर बसून त्यांनी चहा मागवला. त्यांची मागणी होती हिवाळी साहाय्याची. सत्याग्रहाचे तंत्र केवळ आपलेच, असा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्या दिवसांत बेव्हरिज विमा निधीवर देखरेख करणाऱ्या वैधानिक समितीचे अध्यक्ष होते. आंदोलनकर्त्यांत ते बसणारे नव्हते. ते फाइलीतले गृहस्थ. पण विम्याचा हक्क आणि चौकशीनंतरची मदत यांतला फरक त्या समितीत बसून त्यांनी रोज पाहिला होता.

दुसरे महायुद्ध आले. आपल्याकडे मोठे काम येणार या आशेने बेव्हरिज सरकारदरबारी गेले. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांना मात्र हा पंडित डोक्यावर बसणार अशी धास्ती वाटली. त्यांनी त्याला दूर सारण्याचा सभ्य मार्ग काढला. सामाजिक विम्याच्या निरनिराळ्या योजनांचा गुंता सोडवणारी एक समिती निघत होती, तिचे अध्यक्षपद बेव्हरिज यांना देण्यात आले. साल १९४१, महिना जून. आपल्याला अडगळीत टाकले हे ओळखून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. समितीत बाकी सारे सरकारी अधिकारी. काम पुढे सरकले तसे सरकारला यातून भलतेच काही निघणार असे दिसू लागले, तेव्हा १९४२ च्या जानेवारीत त्या अधिकाऱ्यांना केवळ सल्लागार ठरवण्यात आले. अहवालाखाली सही एकट्या बेव्हरिज यांची!

या अहवालाचे काम चालू असतानाच त्यांच्याकडे दुसरे एक काम आले. पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेखही नसतो, पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध अगदी जवळचा आहे. खाणकामगार सैन्यात गेल्यामुळे कोळशाचा तुटवडा पडू लागला होता. बोर्ड ऑफ ट्रेडचे तत्कालीन मंत्री ह्यू डाल्टन यांनी १९४२ च्या वसंतात बेव्हरिज यांना इंधनाच्या रेशनिंगची योजना आखण्यास सांगितले. ती त्यांनी काही आठवड्यांत तयार केली. कोळसा, गॅस, वीज आणि रॉकेल ही सारी इंधने एकाच मापाने मोजायची, प्रत्येक घराला कूपने द्यायची, मग ज्याने त्याने आपल्या सोयीचे इंधन घ्यावे. अन्नाचे रेशनिंग राजालाही चुकत नव्हते. तोच न्याय आता उबेला लागणार होता. बारा खोल्यांत बारा शेगड्या पेटवणारा आणि एका खोलीत एक शेगडी पेटवणारा, दोघांचीही मोजदाद एकाच कूपनपुस्तिकेत झाली असती.

हुजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरून गदारोळ झाला. एवढ्या कारभारासाठी किती कारकून लागतील, असे कुणी म्हणाले. खाणमालकांना यात खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची चाहूल लागली. अखेर सरकारने माघार घेतली, योजना बासनात गेली, आणि जूनमध्ये इंधन व वीज यांचे नवे मंत्रालय काढून वेळ मारून नेण्यात आली. अन्न वाटून घेण्यास तयार झालेला देश ऊब वाटून घेण्यास तयार झाला नाही. माझ्या मते बेव्हरिज यांच्या आयुष्यातला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका पराभव आहे.

१ डिसेंबर १९४२ रोजी मुख्य अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी छापखान्याचे रूक्ष प्रकाशन, किंमत दोन शिलिंग. पण ते विकत घ्यायला लंडनमध्ये रांगा लागल्या. संक्षिप्त आवृत्ती धरून सहा लाखांवर प्रती खपल्या. सैनिकांसाठी काढलेला त्याचा सारांश युद्धखात्याने दोन दिवसांत परत मागवला, तेव्हा तर लोकांचे कुतूहल दुप्पट झाले. दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, घाण आणि बेकारी या पाच राक्षसांचे रूपक याच अहवालातले. ते सर्वांना पाठ असते. मी मात्र वाचकाला त्या अहवालातल्या एका छोट्या कोष्टकाकडे नेणार आहे.

माणसाला जगायला कमीत कमी किती पैसे लागतात, याचा हिशेब त्यात मांडला आहे. (बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हे जुने मान लक्षात ठेवावे.) १९३८ च्या किमतींप्रमाणे नवराबायकोच्या जोडप्याला आठवड्याला अन्नासाठी १३ शिलिंग, कपड्यांसाठी ३, घरभाड्यासाठी १०, हिशेबात थोडीफार चूक होते म्हणून २, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ वस्तूंसाठी ४ शिलिंग. एकूण ३२. एकट्या माणसाचे १९, त्यात इंधन-दिवाबत्तीचे अडीच. वृद्धांना अन्नवस्त्र थोडे कमी पुरेल, पण ते दिवसभर घरातच बसून असतात, तेव्हा त्यांना इंधन थोडे अधिक लागेल, याचाही विचार तिथे केलेला आहे. युद्धानंतरच्या महागाईसाठी या आकड्यांत पंचवीस टक्के वाढ धरून जोडप्याला ४० आणि एकट्याला २४ शिलिंग सुचवण्यात आले.

चार शिलिंग! रक्कम क्षुल्लक आहे. पण घराची ऊब ही भाकरीसारखीच जगण्याची गरज आहे आणि ती सरकारने बांधून दिलेल्या किमान रकमेत धरली पाहिजे, ही कबुली त्या ओळीत आहे. हे पैसे विम्याचा हक्क म्हणून मिळायचे होते. दारात येऊन शेगडीत डोकावणारा अधिकारी बेव्हरिज यांना कायमचा घालवायचा होता. चौकशीनंतरची मदत राहील, पण अगदी अपवादापुरती, आणि काळ जाईल तशी तीही आटत जाईल, असा त्यांचा होरा होता.

तो चुकला. कारणे त्या कोष्टकातच दडलेली होती. पहिले कारण घरभाडे. लंडनला एक भाडे, खेड्यात दुसरे. प्रत्यक्ष भाडे वेगळे द्यावे असे सीबोम राउन्ट्री यांच्यासारख्या अनुभवी अभ्यासकाचे मत होते. परंतु सर्वांना एकच दर या तत्त्वापायी बेव्हरिज यांनी सरसकट दहा शिलिंग धरले. ज्याचे भाडे पंधरा शिलिंग, त्याने वरचे पाच कोठून आणायचे? घरमालक थांबत नाही, वाणी थांबत नाही. ज्याच्यात काटछाट करता येते असा रकाना एकच, शेगडीचा. दुसरे कारण महागाई. गंमत अशी की इंग्लंडमधील कित्येक शतकांच्या किमती आणि मजुरी यांचा इतिहास बेव्हरिज यांनी स्वतः संशोधन करून १९३९ मध्ये छापला होता. किमती कशा चढतात हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी आपल्याच कोष्टकातल्या किमती ते थोपवू शकले नाहीत.

ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४६ चा राष्ट्रीय विमा कायदा केला. वृद्धांचे निवृत्तिवेतन एकट्याला २६ आणि जोडप्याला ४२ शिलिंग ठरले. दिसायला हे बेव्हरिज यांच्या आकड्यांहून अधिकच, पण दरम्यान किमती पुढे गेल्या होत्या. १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय साहाय्य मंडळ सुरू झाले. त्याचे दर २४ आणि ४० शिलिंग, शिवाय घरभाडे वेगळे. म्हणजे हक्काच्या विम्यापेक्षा चौकशीनंतरची मदत अधिक झाली! साहजिकच विम्याचे पैसे घेऊनही वृद्ध माणसे मदतीच्या खिडकीपाशी येऊ लागली. त्या वर्षअखेरीस सुमारे दहा लाख घरांना ही मदत चालू होती. शेगडीत डोकावणारा अधिकारी सौम्य होऊन आला, पण आला.

स्त्रियांच्या बाबतीत हा अहवाल अधिकच तोकडा होता, हे सांगितले पाहिजे. विवाहित स्त्री ही नवऱ्याच्या विम्यावर जगणारी, असे त्यात गृहीत धरले होते. चार शिलिंगांत आठवडाभर शेगडी पेटती ठेवण्याची कसरत जिला करावी लागे, तिच्या नावाने स्वतंत्र हक्क नव्हता. ज्यांची आई एकटी समुद्र ओलांडून कलकत्त्याला शाळा काढायला गेली, त्यांच्या हातून हे व्हावे याचे नवल वाटते.

या वादाचे पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. चौकशीनंतरच्या मदतीत इंधनासाठी वेगळी भर देण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे चालली. १९८० नंतरच्या दशकात ती मोडून कडाक्याच्या थंडीचे अनुदान आले. सलग सात दिवसांचे सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली गेले तर ठरावीक लाभार्थ्यांना पैसे. इंग्लंड-वेल्समध्ये आज ते आठवड्याला २५ पौंड आहेत. १९९७ मध्ये गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना वृद्धांच्या घरांना हिवाळी इंधन अनुदान सुरू झाले. प्रारंभी २० पौंड, गरिबांना ५०. पुढे ते २०० आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्ती असेल तर ३०० पौंड झाले. चौकशी नाही, अर्ज बहुधा नाही, लक्षाधीशालाही मिळणार. बेव्हरिज यांचे तत्त्व सत्तावन्न वर्षांनी नव्हे, पंचावन्न वर्षांनी असे मागच्या दाराने आले. मग २०२४ च्या जुलैत नव्या मजूर सरकारनेच खर्च वाचवण्यासाठी ते प्रामुख्याने पेन्शन क्रेडिट घेणाऱ्या गरीब वृद्धांपुरते मर्यादित केले. सुमारे एक कोटी वृद्ध एका फटक्यात वगळले गेले. पेन्शन क्रेडिटला पात्र असूनही अर्जच न करणारे लाखो वृद्ध होते, तेही थंडीत राहिले. कुणी लाजेने अर्ज करीत नाही, कुणाला फॉर्म समजत नाही. १९३१ पासून हे असेच आहे. गदारोळ इतका झाला की २०२५ च्या जूनमध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या वृद्धांना ते पुन्हा देण्याचे ठरवले. श्रीमंताला का द्यायचे, हा प्रश्न चुकीचा नाही. पण श्रीमंत वगळण्यासाठी जी चाळणी लावावी, तिच्यातून गरीबही गळतो, हे बेव्हरिज यांनी ईस्ट एंडमध्येच पाहून ठेवले होते.

आता त्यांच्या अखेरच्या वर्षांकडे येऊ. अहवाल निघाल्यावर दोनच आठवड्यांनी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बेव्हरिज यांनी लग्न केले. वधू जेसी मेअर या त्यांच्या चुलतभावाच्या विधवा आणि लंडन स्कूलमधील त्यांच्या अनेक वर्षांच्या सहकारी. १९४४ मध्ये ते लिबरल पक्षातर्फे बेरिकहून पार्लमेंटात निवडून गेले. पुढच्याच वर्षी, ज्या निवडणुकीत त्यांच्या योजनेच्या नावाने मजूर पक्षाने देश जिंकला, त्याच निवडणुकीत ते स्वतः पडले! १९४६ मध्ये लॉर्ड झाले. कल्याणकारी राज्य हा शब्दप्रयोग त्यांना आवडत नसे. सरकारनेच सारे फुकट करावे असा त्यातून अर्थ निघतो, असे त्यांचे म्हणणे. माणसाने स्वतः आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून काय करावे याविषयी त्यांनी १९४८ मध्ये एक ग्रंथ लिहिला, पण त्याच्यासाठी रांगा लागल्या नाहीत.

१९४७ चा हिवाळा त्यांनी पाहिला. खाणी त्या वर्षीच्या १ जानेवारीला राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि महिनाअखेरीस बर्फ पडू लागले, ते मार्चपर्यंत. कोळसा खाणीच्या तोंडाशी पडून, आगगाड्या बर्फात अडकलेल्या. फेब्रुवारीत कारखान्यांची वीज तोडली, घरांची वीजही दिवसातले काही तास बंद ठेवली. कूपनपुस्तिकेची ती बासनातली योजना त्या वेळी कुणाला आठवली असेल काय? डरहॅम परगण्यातील खाणपट्ट्यात एक्लिफ हे नवे नगर वसवण्याच्या मंडळाचे अध्यक्षपद त्याच वर्षी बेव्हरिज यांच्याकडे आले, आणि ते तिथे उत्साहाने राबले.

१९५९ मध्ये पत्नी वारल्या. बेव्हरिज ऑक्सफर्डला राहून किमतींच्या इतिहासाचे अर्धवट राहिलेले काम पुढे रेटीत होते. १९६२ च्या नाताळात इंग्लंडमध्ये बर्फ पडले आणि पुढचे दोन महिने ते वितळलेच नाही. १७४० नंतरचा हा सर्वांत कडक हिवाळा. नद्या गोठल्या, काही ठिकाणी समुद्राचा काठही गोठला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात थंडी ओसरली. त्या मार्चच्या १६ तारखेला, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बेव्हरिज यांचे ऑक्सफर्ड येथे निधन झाले. नॉर्थम्बरलँडमधील थॉक्रिंग्टन या उघड्या माळावरच्या लहानशा चर्चच्या आवारात त्यांना पत्नीशेजारी पुरण्यात आले.